रस्ता फुकट, दोरीच्या आतली जागा विकत: कॅरिबियन कार्निव्हलचा धंदा

प्रश्न असा आहे: "त्रिनिदाद, नॉटिंग हिल, टोरँटो इथले कार्निव्हल रस्त्यावर होतात. बघायला तिकीट नाही, रस्ता सरकारचा, गाणी सगळ्यांच्या तोंडी. मग यात पैसा येतो कुठून आणि जातो कुणाच्या खिशात? आम्ही लंडनमधली चार-पाच मित्रमंडळी मिळून नॉटिंग हिलच्या एखाद्या बँडमध्ये सेक्शन काढायचा म्हणतोय. पडावं का यात?"

मी त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन आणि लंडन, दोन्हीकडच्या मास बँडांचं उत्पादन आणि हिशेब सांभाळतो, त्यामुळे उत्तर जरा वहीखात्याच्या अंगाने येईल. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: मास म्हणजे पोशाख करून, सोंग घेऊन रस्त्यावर उतरणं. बँड म्हणजे इथे वाजवणारे नव्हेत, एका कल्पनेखाली पोशाख करून चालणारा जथा. तो कधी शंभर जणांचा असतो, कधी पाच-सहा हजारांचा. त्याचे तुकडे म्हणजे सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शनचा रंग आणि पोशाख वेगळा.

बघायला तिकीट नाही हे खरं, पण इथे गिऱ्हाईक बघणारा नसतोच. नाचणारा पैसे भरतो. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सोपं जातं. गोव्याचा कार्निव्हल घ्या. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या, आधीचे तेच दिवस, तीच कॅथलिक मुळं. मुक्तीनंतर १९६५ मध्ये तिमोतेओ फर्नांडिस यांनी पणजीत मिरवणूक सुरू केली, पुढे ती पर्यटन खात्याकडे गेली. तिथे चित्ररथ येतात, त्यावर प्रायोजकाचं नाव असतं आणि लोक कडेला उभं राहून किंग मोमो बघतात. पैसा प्रायोजक आणि सरकार देतं, त्यामुळे सगळी उलाढाल तेवढ्यापुरतीच राहते. त्रिनिदादमध्ये माणूस स्वतःच्या खिशातून हजार-दीड हजार अमेरिकन डॉलर काढून पोशाख घेतो, कारण त्याला मिरवणुकीत असायचं असतं. पिसांचे व्यापारी, ट्रकवाले, केटरर, सुरक्षा कंपन्या, मेकअपवाल्या, केशभूषाकार, छायाचित्रकार हे सगळे त्या एका हौसेवर जगतात.

आता ही हौस विकायची कशी? रस्ता तर सगळ्यांचा. तिथे दोरी येते, आणि ती खरोखरची दोरी असते. कार्निव्हल मंगळवारी मोठा बँड निघाला की चारी बाजूंनी सुरक्षारक्षक जाड दोर धरून चालतात. आत पोशाखाचे पैसे भरलेले, मनगटावर पट्टी बांधलेले. आतच बारचा ट्रक, दुपारचं जेवण, चाकांवरची स्वच्छतागृहं, प्रथमोपचाराचं पथक. बाहेर बाकीचा देश, आपापली बाटली घेऊन. रस्ता दोघांना तोच, गाणंही तेच. ज्याने दोरी आखली त्याचा धंदा झाला. तारा वाकवून सांगाडे करणारे, तेलाच्या पिंपांपासून केलेली पॅन ही वाद्यं सुरात लावणारे, गाणी बांधणारे अशा लोकांनी कार्निव्हल उभा केला, पण त्यांतल्या फार थोड्यांच्या हातात दोरी आली. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढे ते घडलं कसं ते सांगतो.

सुरुवातीला दोरी उलट्या बाजूने होती. १७८३ नंतर स्पॅनिश सरकारने फ्रेंच मळेवाल्यांना त्रिनिदादमध्ये जमिनी दिल्या, त्यांनी आपले मुखवट्यांचे नाच आणले, आणि गुलाम माणसं बाहेर उभी राहिली. १८३० च्या दशकात गुलामी संपली आणि रस्ता त्यांनी घेतला. उसाच्या जळत्या शेतांच्या आठवणीतून मशाली, काठ्या आणि ढोलांची मिरवणूक निघायची, तिला कॅनबुले म्हणतात. १८८१ मध्ये कॅप्टन बेकरच्या पोलिसांनी ती अडवली आणि दंगल झाली. पुढच्या काही वर्षांत ढोलांवर बंधनं आली. १८८४ मध्ये सान फर्नांडोजवळ भारतीय मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर, ज्याला तिथे होसे म्हणतात, गोळीबार झाला, तोही याच धोरणातून. ढोल गेले म्हणून लोकांनी बांबू आपटून ताल धरला, बांबूवर वक्रदृष्टी झाली तेव्हा बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे आणि शेवटी तेलाची पिंपं वाजवली. १९३० आणि ४० च्या दशकांत पॅन जन्माला आलं ते या वाटेने. प्रत्येक बंदीनंतर कुणीतरी हाताशी असलेल्या वस्तूतून नवीन वाद्य काढलं, आणि त्याचा मोबदला मात्र कुणालाच मिळाला नाही.

पैशाची पहिली खरी दोरी कॅलिप्सोच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या गाण्यांच्या, तंबूंनी लावली. कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे गायक एका मांडवात जमायचे आणि आत यायला पैसे पडायचे. मग एदुआर्दो सा गोम्स नावाचा पोर्तुगीज वंशाचा व्यापारी पुढे आला. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्याचं ग्रामोफोन आणि रेकॉर्डचं दुकान होतं. १९३४ मध्ये त्याने अटिला द हन आणि रोअरिंग लायन या दोन गायकांना रेकॉर्डिंगसाठी न्यूयॉर्कला पाठवलं. त्याला रेकॉर्ड विकायच्या होत्या, धर्मादाय काही नव्हतं त्यात. पण कॅलिप्सो बेटाबाहेर गेलं ते या व्यवहारामुळे, आणि मला वाटतं कार्निव्हलच्या धंद्याचा इतिहास लिहायचा तर त्याच्यापासून सुरू करावा.

बाहेर गेल्यावर काय होतं हेही लगेच कळलं. लॉर्ड इनव्हेडरचं 'रम अँड कोका-कोला' दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांनी भरलेल्या त्रिनिदादमध्ये गाजलं. अँड्र्यूज सिस्टर्सनी ते अमेरिकेत गायलं आणि १९४५ मध्ये ते तुफान चाललं. कागदावर हक्क एका अमेरिकन विनोदी कलाकाराच्या नावावर होते. इनव्हेडर न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला आणि त्याला पैसे मिळाले, पण गाण्याचा हक्क त्या अमेरिकन माणसाकडेच राहिला. बेटावरही फार वेगळं नव्हतं. १९५६ मध्ये मायटी स्पॅरो कॅलिप्सोचा राजा झाला आणि बक्षीस मिळालं ४० डॉलर, तर त्याच कार्निव्हलमधल्या सौंदर्य-राणीला हजारोंच्या वस्तू. पुढच्या वर्षी स्पॅरोने स्पर्धेवर बहिष्कार टाकला. त्याच १९५७ मध्ये सरकारने कार्निव्हलसाठी समिती नेमली. आजचं राष्ट्रीय कार्निव्हल आयोग हे तिचंच पुढचं रूप. बक्षिसाच्या रकमेवरून भांडण आजही दरवर्षी होतं, आणि वर्तमानपत्रात ते कार्निव्हल सुरू झाल्याची वर्दी देतं असं माझे तिथले सहकारी गमतीने म्हणतात.

पॅनचं अर्थकारण वेगळं आहे आणि माझ्या मते सर्वांत दुःखाचं. ५० आणि ६० च्या दशकांत पॅनवाल्या टोळ्यांमध्ये हाणामाऱ्या व्हायच्या. तेल आणि विमान कंपन्यांनी पॅनचे बँड (हे मात्र वाजवणारेच) पुरस्कृत केले: शेल इनव्हेडर्स, पॅन अ‍ॅम नॉर्थ स्टार्स, एस्सो ट्रिपोली. नावापुढे कंपनी लागली, वाद्यांना रंग आला, मारामारी कमी झाली. १९६३ मध्ये पॅनोरामा ही स्पर्धा सुरू झाली. मोठ्या गटात शंभराच्या वर वादक, एकच गाणं, साधारण आठ मिनिटांची मांडणी. या मांडणीतला एक बादशहा म्हणजे जित समारू. भारतीय वंशाचा हा माणूस, त्याने रेनेगेड्स बँडला नऊ वेळा पॅनोरामा जिंकून दिली. २०१६ मध्ये तो गेला.

पॅनयार्डमध्ये, म्हणजे पॅनवाल्यांच्या सरावाच्या आवारात, अंतिम फेरीच्या आधीच्या रात्री कधी गेलात तर वादकांकडे बघू नका, ट्यूनरकडे बघा. वाद्य उलटं करून खालून एक हलका ठोका, वरून एक. रबरी टोकाच्या काठीने तो सूर वाजवून ऐकतो, पुन्हा ठोका. एका टेनर पॅनवर अंगठ्याएवढी ते तळहाताएवढी सुरांची घरं गोल मांडलेली असतात. एक घर सरळ केलं की शेजारचं हलतं, म्हणून तो परत मागे येतो. पलीकडे शंभर माणसं सराव करतायत आणि याला त्या गोंगाटातून आपला एक सूर वेगळा ऐकायचा असतो. हा माणूस सुट्टीवर गेला तर बँड बंद. त्याचं बिल मात्र मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी प्रायोजकाचा चेक आल्यावर निघतं, आणि प्रायोजकाचा चेक राख बुधवारानंतर, म्हणजे कार्निव्हल संपल्यावर, केव्हातरी येतो. वादकांना मिळणारी छोटी रक्कम सरकारी अनुदानातून यायची असते. ती केव्हा येणार, हाही नेहमीचा वाद.

पॅनयार्डला दोरी लावता येत नाही, हे त्याचं मूळ. सराव उघड्यावर चालतो, गल्ली येऊन ऐकते, आणि ते तसंच असावं असं सगळ्यांना वाटतं, मलाही. त्यामुळे विकायला उरतं ते पॅनोरामाचं तिकीट, परदेशी दौरे आणि वाद्यं. वाद्यांच्या बाबतीत त्रिनिदादने उशीर केला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या दोघांना पाण्याच्या दाबाने पॅन घडवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं आणि बेटावर संताप उसळला. पॅन १९९२ मध्येच राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झालं होतं, पण राष्ट्रीय वाद्य म्हटल्याने पेटंट कार्यालय थांबत नाही.

आता मास, म्हणजे खरा पैसा.

५० च्या दशकात जॉर्ज बेलीसारखे लोक आफ्रिकेच्या किंवा इतिहासाच्या विषयांवर बँड काढायचे. पोशाख घरात, मागच्या अंगणात व्हायचा. लोक पैसे भरायचे पण ती वर्गणी होती, नफा निघाला तर निघाला. मग पीटर मिन्शल हा मासचा डिझाइनर आला. १९७६ चा 'पॅराडाइज लॉस्ट', १९८३ चा 'रिव्हर'. त्याने पोशाखाला माणसाच्या हालचालीवर चालणारं शिल्प केलं, आणि बार्सिलोना, अटलांटा, सॉल्ट लेक सिटी अशा तीन ऑलिंपिकच्या उद्घाटनांत त्याचा हात होता. अटलांटासाठी १९९६ मध्ये त्याला हवेवर नाचणारी प्रचंड माणसं हवी होती. इस्रायली कलाकार डोरॉन गाझिटने ती बनवून दिली. पुढे अमेरिकन पेटंट निघालं, त्यावर मिन्शलचं नाव नाही. आपल्याकडे गाड्यांच्या शोरूमसमोर आणि नव्या दुकानांच्या उद्घाटनाला जो लांबलचक फुगीर माणूस वेड्यासारखे हात उडवत असतो, तो त्रिनिदादच्या मासचा नातू आहे. पुढच्या वेळी दिसला तर नीट बघा, कंबर कॅरिबियन आहे.

मिन्शलच्या काळातच दुसरी धार सुरू झाली होती. ९० च्या दशकात पॉइझनसारख्या बँडांनी हजारोंच्या संख्येने साधे पोशाख विकले, आणि २००० च्या दशकाच्या मध्यात ट्राइब आला. बिकिनी, मणी, पिसं, आणि त्याबरोबर सगळी सोय: खाणं, पिणं, संगीत, सुरक्षा एका किमतीत. जुने लोक यावर तुटून पडतात. विषय गेला, कल्पना गेली, सगळ्या बाया सारख्या दिसतात. मला यात अर्धंच पटतं. बँडांत बहुसंख्य बायका असतात, स्वतःच्या पगारातून पैसे भरतात, आणि दोन दिवस कुणाचा हात अंगाला न लागता रस्त्यावर नाचायला मिळावं ही त्यांची मागणी होती. दोरी त्यांच्यासाठी भिंत नव्हती, मोकळीक होती. ट्राइबच्या डीन अ‍ॅकिनने ही मागणी आधी ओळखली, म्हणून तो पुढे गेला. त्याच समूहाने पुढे 'द लॉस्ट ट्राइब' काढला, जिथे वाल्मीकी महाराज या डिझाइनरने पोशाखात पुन्हा कापड, कल्पना आणि कथा आणली. म्हणजे बिकिनीच्या गल्ल्यावर कलेचा खर्च निघू शकतो. मात्र तो निघायला मागे मोठा समूह लागतो. एकट्या कलाकाराला हे जमत नाही.

या बँडांचा हिशेब पुण्यातल्या बिल्डरसारखा आहे: बुकिंगच्या पैशावर बांधकाम. कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण पोशाख आदल्या जुलै-ऑगस्टमध्येच मंचावर दाखवतात, त्याला बँड लॉंच म्हणतात. लोक लगेच अनामत भरतात. त्या पैशावर चीनमधून ब्रा, मणी, खडे, कोंबड्याची आणि फेझंटची पिसं मागवली जातात. उरलेले हप्ते डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतात, त्यातून ट्रक, जेवण आणि सुरक्षेचे आगाऊ पैसे जातात. बँकेची गरज जवळपास पडत नाही. पण एका जरी बँडला ही साखळी सांभाळता आली नाही की शेकडो बायका कार्निव्हल शनिवारी अर्धा पोशाख हातात घेऊन रडताना दिसतात. असं घडलेलं मी जवळून पाहिलं आहे. बँडचं नाव घेत नाही.

दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला सुचत नाहीत. एक, चिनी नववर्ष. कार्निव्हलची तारीख ईस्टरवरून ठरते, त्यामुळे पुढेमागे सरकते. २०२४ मध्ये चिनी नववर्ष १० फेब्रुवारीला होतं आणि कार्निव्हल १२-१३ फेब्रुवारीला. कारखाने आधीच सुट्टीवर, म्हणजे एखाद्या मापाचा माल कमी पडला तर तो परत मागवायचा रस्ताच बंद. २०२५ मध्ये कार्निव्हल ३-४ मार्चला होता, त्या वर्षी सगळ्यांना श्वास घ्यायला जागा होती. दुसरी गोष्ट डॉलर. त्रिनिदादमध्ये परकीय चलनाची चणचण आहे, बँका मोजून डॉलर देतात. म्हणून परदेशातून येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून बँड डॉलरमध्ये पैसे घेतो आणि त्यातून चीनचं बिल भागवतो. ब्रुकलिनहून येणारी त्रिनिदादी नर्स त्या बँडसाठी केवळ गिऱ्हाईक नसते, ती त्याची परकीय चलनाची खिडकी असते.

पिसांच्या पेट्या परदेशातून आल्या म्हणजे स्थानिक हात रिकामे झाले का? पुष्कळसे झाले. वायर बेंडर, म्हणजे पाठीवरचे मोठे सांगाडे तारेतून उभे करणारा कारागीर, आता मुख्यतः बँडच्या राजा-राणीच्या भव्य पोशाखांसाठी आणि पुढच्या रांगेच्या महागड्या सेटसाठी बोलावला जातो. चांगला वायर बेंडर कागद वापरत नाही. खांद्यापासून मापं घेतो, तार गुडघ्यावर टेकवून वाकवतो, आणि बांधून झाल्यावर पोशाख माणसाला घालून त्याला उड्या मारायला लावतो. वजन कंबरेवर उतरलं पाहिजे, मानेवर नाही. हे ज्याला कळतं त्याची बिकिनी-बँडांनाही गरज पडते, कारण दोन दिवस उन्हात कुणी मान अवघडून नाचणार नाही.

कायद्याने या कलेला थोडा आधार दिला आहे. त्रिनिदादच्या १९९७ च्या कॉपीराइट कायद्यात 'मासची कृती' हा स्वतंत्र प्रकार आहे, जगात बहुधा कुठे नसेल असा. कागदावर छान. पण पोशाखाचं आयुष्य दोन दिवसांचं आणि खटल्याचं काही वर्षांचं, त्यामुळे बहुतेक बँड नक्कल झाल्यावर फक्त फेसबुकवर शिव्या घालतात.

दोरीचा सगळ्यात बोलका प्रसंग २०१४ चा. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क सव्हाना मैदानातल्या मंचावर प्रत्येक बँडला परीक्षकांसमोरून जायचं असतं, आणि मोठे बँड तासन्‌तास रांगेत अडकतात. गिऱ्हाइकाने पैसे नाचण्यासाठी भरलेत, उन्हात थांबण्यासाठी नाही. म्हणून ट्राइब, ब्लिस, युमा आणि हार्ट्स या चार बँडांनी जाँ पिअर क्रीडा संकुलात स्वतःचा मंच उभा केला, त्याला नाव दिलं सोकाड्रोम. परंपरावाल्यांच्या मते ही फूट होती. धंद्याच्या नजरेने पाहिलं तर सरकारच्या मंचाला पहिल्यांदा स्पर्धक आला. एक मजा सांगतो: कार्निव्हल सोमवार आणि मंगळवार कायद्याने सार्वजनिक सुट्ट्या नाहीतच. देश आपणहून बंद होतो.

गाणाऱ्यांचा धंदा वेगळ्या चाकावर चालतो. सोका, म्हणजे कॅलिप्सोतून निघालेलं नाचाचं गाणं, विकलं जात नाही, ते जाहिरात असतं. पैसा कार्यक्रमांतून येतो. आणि बेटांनी आपले कार्निव्हल वेगवेगळ्या महिन्यांत नेल्यामुळे हे चाक वर्षभर फिरतं. सेंट व्हिन्सेंटने १९७७ मध्ये आणि सेंट लुसियाने १९९९ मध्ये आपला कार्निव्हल उन्हाळ्यात हलवला, त्रिनिदादशी टक्कर टळावी म्हणून. बार्बाडोसने जुना क्रॉप ओव्हर १९७४ मध्ये पर्यटनासाठी पुन्हा उभा केला. आता फेब्रुवारीत त्रिनिदाद, ईस्टरनंतर जमैका, जुलैत सेंट व्हिन्सेंट आणि सेंट लुसिया, ऑगस्टच्या सुरुवातीला टोरँटो आणि बार्बाडोस, मग ग्रेनेडा, महिन्याअखेर नॉटिंग हिल, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ब्रुकलिन, ऑक्टोबरमध्ये मायामी. गायक, डीजे, ट्रकचे साउंडवाले आणि हल्ली पोशाखसुद्धा याच क्रमाने फिरतात. त्रिनिदादमध्ये उरलेली पिसं मायामीत दिसली तर नवल वाटू नये.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच. १८४५ ते १९१७ या काळात त्रिनिदादला गेलेले भारतीय मजूर बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, कलकत्ता बंदरातून; मराठी माणूस त्यांत शोधत बसू नका. पण त्यांच्याबरोबर ताशा गेला आणि तिथे तो आजही होसेत, लग्नांत आणि कार्निव्हलमध्ये कडाडतो. लॉर्ड शॉर्टीने ७० च्या दशकात कॅलिप्सोत ढोलक आणि भारतीय ताल मिसळून सोका घडवला. ८० च्या दशकात द्रुपती रामगुनईने चटणी सोका, म्हणजे भारतीय वंशाच्या लोकांच्या चटणी गाण्यांशी मिसळलेला सोका, गाजवला, तेव्हा बाईने असं गावं का म्हणून तिच्याच समाजातून टीका झाली. १९९६ पासून चटणी सोकाची स्वतंत्र स्पर्धा आहे, खासगी आयोजकाने उभी केलेली.

आता लंडन. इथलं गणित त्रिनिदादचं नाही, हे तुमच्या निर्णयासाठी महत्त्वाचं. १९५८ च्या वर्णद्वेषी दंगलींनंतर क्लॉडिया जोन्स या पत्रकार कार्यकर्तीने जानेवारी १९५९ मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये बंद दाराआड कार्निव्हल भरवला. त्याच्या उत्पन्नाचा एक भाग दंगलीत दंड झालेल्या तरुणांसाठी होता. १९६६ मध्ये रोन लॅस्लेटने रस्त्यावर जत्रा काढली, तिथे रसेल हेंडरसनचा पॅन बँड चालत निघाला. ७३ ते ७५ मध्ये लेस्ली पामरने प्रायोजक आणले, साउंड सिस्टिमना वीज मिळवून दिली, मार्ग वाढवला. गर्दी लाखांत गेली ती तेव्हापासून.

पण लंडनमध्ये दोरी टिकत नाही. रस्ते अरुंद, गर्दी अफाट, लोक बँडच्या आतून आरपार जातात. त्यामुळे 'सगळी सोय आत' हा माल इथे पुरता विकता येत नाही. पैसा करतात ते फिश-चिकनचे ठेलेवाले, दारूची दुकानं, आणि मार्गावरचे रहिवासी, जे घरचं स्वच्छतागृह वापरायचे पौंड घेतात. पोलिसांचा खर्च एक कोटी पौंडांच्या वर जातो. २०२५ मध्ये आयोजकांनी सुरक्षेसाठी तातडीने मदत मागितली तेव्हा महापौर कार्यालय आणि दोन बरोंनी, म्हणजे लंडनच्या स्थानिक पालिकांनी, मिळून जवळपास दहा लाख पौंड दिले. मास बँड बहुधा संस्था म्हणून चालतात, आर्ट्स कौन्सिलच्या अनुदानावर, शाळांतल्या कार्यशाळांवर. हार्ल्सडनचा महोगनी हे त्याचं चांगलं उदाहरण: क्लॅरी सॅलँडी आणि मायकेल रामदीन यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला. ते वर्षभर इतर उत्सवांसाठीही काम करतात, ऑगस्टच्या दोन दिवसांवर पोट ठेवत नाहीत. टोरँटोने वेगळा मार्ग घेतला, कुंपण घालून आत तिकीट लावलं. तिथेही १९६७ पासूनचं 'कॅरिबाना' हे नाव कुणाचं यावर कोर्टबाजी झाली आणि २०११ मध्ये नवीन आयोजकांना ते सोडावं लागलं.

तर सेक्शन घ्यावा का? कमाईसाठी असेल तर नको. हौस असेल आणि घातलेले पैसे वसूल व्हावेत एवढीच अपेक्षा असेल, तर घ्या, पण करार नीट वाचून. न विकलेले पोशाख कुणाच्या अंगावर पडणार, हे पहिलं विचारा. साधारणतः सेक्शनवाल्याच्याच पडतात, आणि पुरुषांचे पोशाख हमखास उरतात. गिऱ्हाइकांचे पैसे बँडच्या खात्यात जाणार की तुमच्या, आणि कार्निव्हल रद्द झाला तर परत कोण देणार? २०२० आणि २०२१ मध्ये नॉटिंग हिल रस्त्यावर झालाच नाही, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांना महागात पडला. ट्रक, जनरेटर, स्टुअर्ड (गर्दी सांभाळणारी माणसं) आणि विमा यांत तुमचा वाटा आकड्यात लिहून घ्या. फोटो आणि डिझाइनचे हक्कही.

पोशाखाचा नमुना आधी घालून अर्धा तास नाचून बघा, आणि मग तोच पाण्याखाली धरा. ऑगस्टच्या अखेरीस लंडनचा पाऊस पिसांची पार वाट लावतो, म्हणून इथे मी कापड आणि हलका फोम सुचवतो. ढोल-ताशा आणायचा विचार असेल तर जरूर आणा, त्रिनिदादी मंडळींना ताशा ओळखीचा आहे. मात्र पथक साउंड ट्रकच्या मागे ठेवायला कबूल होऊ नका, पाच पावलांवर तुमचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. सेक्शनच्या अगदी पुढची जागा मागा आणि ती करारात घाला. तारेचं काम करणारा माणूस त्रिनिदादचा कार्निव्हल संपल्यावर मार्चमध्ये मोकळा होतो, तेव्हाच धरा, आणि निम्मे पैसे काम सुरू होण्याआधी द्या. जूनपर्यंत थांबलात तर तो टोरँटोवाल्यांकडे गेलेला असेल.